समुद्र किती वाढेल? ध्रुवीय हिमस्तरांच्या प्रारूपांविषयी वाचकांचे प्रश्न

ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील हिमस्तर (जमीन झाकणारे प्रचंड जाड बर्फाचे थर), त्यांचे भविष्य सांगणारी संगणकीय प्रारूपे (मॉडेल) आणि समुद्रपातळीची वाढ या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांतील प्रश्न या अंकात घेतले आहेत. नाशिकच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला जागा अधिक दिली आहे, कारण इतर बहुतेक शंकांचे मूळ त्याच प्रश्नात आहे.

प्रश्न (श्रीवर्धन): सन २१०० पर्यंत समुद्राची पातळी किती वाढणार, याविषयी कधी अर्धा मीटर, कधी एक मीटर, तर कधी दोन मीटर असे आकडे वाचायला मिळतात. शास्त्रज्ञांचेच एकमत नसेल, तर आम्ही कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा?

उत्तर: हे तिन्ही आकडे तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. बातमीत प्रश्न गाळून केवळ उत्तर छापले जाते, म्हणून ते परस्परविरोधी वाटतात. हवामान बदलविषयक आंतरशासकीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०२१ मधील अहवालानुसार १९९५ ते २०१४ या काळाच्या सरासरीच्या तुलनेत २१०० पर्यंत जगाची सरासरी समुद्रपातळी, हरितगृह वायूंचे उत्सर्जन अत्यंत वेगाने घटवले गेले तर ०.२८ ते ०.५५ मीटर, उत्सर्जन मध्यम राहिले तर ०.४४ ते ०.७६ मीटर आणि ते फार मोठ्या प्रमाणावर वाढत गेले तर ०.६३ ते १.०१ मीटर इतकी वाढण्याचा संभव आहे. आकड्यांतील पहिला फरक असा माणसांच्या पुढील वर्तनामुळे पडतो आणि त्याचे खापर हिमशास्त्रज्ञांवर फोडता येणार नाही.

दुसरा फरक अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. वर दिलेला प्रत्येक पल्ला, वास्तव त्याच्या आत पडण्याची शक्यता किमान दोन-तृतीयांश आहे, एवढेच सांगतो. उरलेली शक्यता पल्ल्याबाहेर राहते आणि दोन मीटरचा आकडा तेथूनच येतो. उत्सर्जन खूप वाढले आणि हिमस्तरांतील ज्या प्रक्रिया अद्याप पुरेशा उमगलेल्या नाहीत त्या वेगाने घडल्या, तर २१०० पर्यंत वाढ दोन मीटरच्या जवळ जाणे नाकारता येत नाही, असे तोच अहवाल म्हणतो. याच आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात शतकअखेरपर्यंतची वाढ १८ ते ५९ सेंटिमीटर अशी दिली होती आणि बर्फाच्या प्रवाहात भविष्यात होऊ शकणारे वेगवान बदल या आकड्यांत धरलेले नाहीत, असेही तेथे स्पष्ट लिहिले होते. आकडा सर्वांच्या लक्षात राहिला आणि त्याच्या शेजारचे वाक्य विस्मरणात गेले. नंतरच्या अहवालांत आकडे वाढले याचे एक मोठे कारण, जे आधी शब्दांत नोंदवले होते त्यातील काही भाग आता गणितात उतरवता येऊ लागला, हे आहे.

समुद्र वाढतो आहे, याविषयी मात्र मतभेद नाही. १९०१ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. २००६ ते २०१८ या वर्षांत वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता आणि या अलीकडच्या वाढीत पाणी तापून प्रसरण पावण्यापेक्षा जमिनीवरील बर्फाच्या घटीचा वाटा मोठा आहे.

प्रश्न (नाशिक): मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. बर्फाचे वितळणे आणि वाहणे हे भौतिकशास्त्राच्या ठाऊक असलेल्या नियमांनीच होते. हवामानाचा अंदाज संगणक देऊ शकतो, तर त्याहून कितीतरी संथ असलेल्या हिमस्तराचे भविष्य सांगणे इतके अवघड का असावे?

उत्तर: आपण संथपणाचा उल्लेख केला आहे आणि अडचण तेथूनच सुरू होते. हवामानाच्या प्रारूपाने आज सांगितलेले उद्या तपासता येते, चुका मोजता येतात आणि प्रारूप सुधारता येते. वर्षानुवर्षे रोज होणाऱ्या या परीक्षेमुळेच हवामानाचे अंदाज सुधारले. हिमस्तर शतकांच्या आणि सहस्रकांच्या गतीने प्रतिसाद देतो, आणि त्याच्या संपूर्ण विस्ताराची नेमकी मोजणी आपल्याकडे १९९० च्या दशकापासूनची, म्हणजे उपग्रहांच्या काळातलीच आहे. तीस-पस्तीस वर्षांच्या नोंदींवर पारखलेल्या प्रारूपाला पुढील शंभर ते तीनशे वर्षांविषयी विचारावे लागते.

नियम ठाऊक आहेत, हे आपले म्हणणे खरे आहे. बर्फ पोळपाटावर ठेवलेल्या सैल कणकेच्या गोळ्याप्रमाणे स्वतःच्या वजनाने पसरतो, आणि ताण व विरूपणाचा (आकार बदलण्याचा) वेग यांचे नाते ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन ग्लेन यांनी १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत मोजले. या नियमात विरूपणाचा वेग ताणाच्या एका घाताच्या प्रमाणात वाढतो आणि हा घात बहुतेक प्रारूपांत ३ धरला जातो, म्हणजे ताण दुप्पट झाला की वेग आठपट होतो. वेगाने वाहणाऱ्या काही भागांतील उपग्रह-निरीक्षणे मात्र हा घात ४ च्या जवळ असावा असे सुचवतात. तसे असेल तर ताण दुप्पट झाल्यावर वेग सोळापट होईल. आजच्या स्थितीचे चित्र दोन्ही घातांनी बऱ्यापैकी जुळवता येते. बर्फ पातळ होऊ लागल्यावर आणि उतार बदलल्यावर मात्र दोन्हींची उत्तरे वेगळी निघतात.

बर्फाच्या तळाशी काय घडते, हा प्रश्न त्याहून कठीण आहे. अंटार्क्टिकाचा हिमस्तर सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे आणि काही ठिकाणी त्याची जाडी चार किलोमीटरहून अधिक आहे. या बर्फाखालची जमीन कोठे खडकाळ, कोठे चिखलाची, कोठे पाण्याने निसरडी झालेली आहे, हे विमानांवरील रडारच्या रेषांमधून कळते आणि दोन रेषांमधले अंतर अनुमानाने भरावे लागते. पूर्व अंटार्क्टिकातील डेनमन हिमनदीखालची दरी समुद्रसपाटीच्या ३,५०० मीटर खाली जाते, हे २०१९ मध्ये समोर आले. पृथ्वीच्या भूभागावरील एवढी खोल घळ तोपर्यंत आपल्या नकाशांत नव्हती, हे मला या विषयातील अतिशय बोलके उदाहरण वाटते. तळाचे घर्षण थेट मोजता येत नसल्यामुळे प्रारूपकार उलटा मार्ग धरतात. पृष्ठभागावरील बर्फाचा वेग उपग्रहांनी मोजलेला असतो आणि तो वेग मिळावा असे घर्षण प्रारूपात जागोजागी बसवले जाते. ही पद्धत हुशारीची असली तरी तिच्यात धोका आहे, कारण घर्षणाचे निरनिराळे नियम वापरूनही आजचा वेग सारखाच जुळतो. जुळणे चांगले आहे म्हणून पुढील अंदाजही चांगला असेल, असे गृहीत धरता येत नाही.

तिसरी अडचण समुद्रालगतची आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचीही. हिमस्तराचा बर्फ किनाऱ्याकडे वाहत येतो, एका रेषेवर जमीन सोडतो आणि पुढे जाड फळीसारखा समुद्रावर तरंगू लागतो. या तरंगत्या भागाला आइस शेल्फ म्हणतात. ज्या रेषेवर बर्फ जमीन सोडतो ती आधाररेषा होय. पश्चिम अंटार्क्टिकाच्या मोठ्या भागात बर्फ समुद्रसपाटीखालील जमिनीवर टेकलेला आहे आणि ती जमीन आत जावे तसतशी आणखी खोल होत जाते. आधाररेषा मागे सरकली की ती अधिक जाड बर्फाशी येऊन ठेपते, आणि तेथून समुद्राकडे जाणारा प्रवाह जाडीच्या साधारण चौथ्या-पाचव्या घाताने वाढत असल्यामुळे बर्फ अधिक वेगाने निसटून रेषा आणखी मागे जाऊ शकते. ही अस्थिरता हिमशास्त्रज्ञ योहानेस वीर्टमन यांनी १९७४ मध्ये गणिताने मांडली, आणि १९७८ मध्ये जॉन मर्सर यांनी कार्बन डायऑक्साइडच्या वाढीमुळे पश्चिम अंटार्क्टिकाला धोका असल्याचा इशारा दिला. इतक्या आधी, आणि इतक्या नेमकेपणाने, दिलेल्या इशाऱ्याकडे फार काळ पुरेसे लक्ष दिले गेले नाही, याची खंत वाटते.

संगणकाच्या दृष्टीने ही रेषा फार त्रासदायक आहे. प्रारूप हिमस्तराला चौकटींच्या जाळीत विभागून प्रत्येक चौकटीचे गणित करते. तिच्या परिसरातील गणिताच्या जाळीची चौकट काही किलोमीटरची ठेवली तर रेषा चुकीच्या जागी अडकते किंवा चुकीच्या वेगाने सरकते. चौकट साधारण एक किलोमीटर किंवा त्याहून बारीक लागते. संपूर्ण खंडासाठी इतकी बारीक जाळी घेऊन शेकडो वर्षांचे गणित शेकडो वेळा करणे परवडत नाही, म्हणून रेषेजवळ बारीक आणि अंतर्भागात मोठी, अशी बदलती जाळी वापरावी लागते.

शिवाय हे सर्व समुद्राच्या पाण्यावर अवलंबून आहे. पश्चिम अंटार्क्टिकालगतच्या अमुंडसेन समुद्रात अंटार्क्टिकाभोवती फिरणारे तुलनेने उबदार खोल पाणी खंडमंचावर (किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रतळावर) चढते आणि आइस शेल्फच्या खाली शिरते. त्याचे तापमान शून्याच्या जेमतेम वर असते, परंतु खोलवर दाबाखाली बर्फ वितळवायला तेवढे पुरते. थ्वेट्स ही सुमारे १२० किलोमीटर रुंदीची हिमनदी याच किनाऱ्यावर आहे आणि ती पूर्ण नाहीशी झाली तर जगाची समुद्रपातळी सुमारे ६५ सेंटिमीटर वाढेल एवढा बर्फ तिच्यात आहे. तेथे जानेवारी २०२० मध्ये सुमारे ६०० मीटर जाडीच्या बर्फातून गरम पाण्याने छिद्र पाडून आइसफिन नावाचे यंत्र खाली सोडण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बर्फाच्या सपाट तळाशी वितळण्याचा वेग प्रारूपांच्या अपेक्षेपेक्षा कमी आढळला, कारण वितळलेल्या गोड्या पाण्याचा थर उबदार खाऱ्या पाण्याला वर येऊ देत नव्हता. तेथील भेगांत आणि पायऱ्यांसारख्या उभ्या कडांवर मात्र तो कितीतरी अधिक होता. पाणी उबदार असणे आणि बर्फ झपाट्याने वितळणे यांचा संबंध इतका सरळ नाही, आणि बर्फाच्या तळाचा काही मीटरांचा उंचसखलपणा खंडाएवढ्या प्रारूपात बसवायचा कसा, हा प्रश्न उभा राहिला. अशी मोजमापे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी झाली आहेत.

शेवटची बाब तुटण्याची. २००२ च्या सुरुवातीला अंटार्क्टिक द्वीपकल्पाचा लार्सन बी हा आइस शेल्फ, ज्याचा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा भाग साधारण पाच आठवड्यांत कोसळला, पृष्ठभागावर साचलेल्या वितळपाण्याच्या तळ्यांमुळे भेगांतून फाटत गेला, असे मानले जाते. तो तरंगता असल्याने त्याच्या कोसळण्याने समुद्र वाढला नाही. त्याने अडवून धरलेल्या मागच्या हिमनद्या मात्र अनेक पटींनी वेगवान झाल्या. याच घटनेवरून पुढचा विचार सुचला. आइस शेल्फ नाहीसा झाल्यावर पाण्यावर सुमारे शंभर मीटरहून उंच उरलेला बर्फाचा कडा स्वतःच्या भाराने ढासळेल आणि मागे आणखी उंच कडा उघडा पडेल. रॉबर्ट डीकॉन्टो आणि डेव्हिड पोलार्ड यांनी २०१६ मध्ये ही प्रक्रिया प्रारूपात घातली, तेव्हा मोठ्या उत्सर्जनाच्या स्थितीत एकट्या अंटार्क्टिकामुळे २१०० पर्यंत एक मीटरहून अधिक वाढ निघाली. २०२१ मध्ये त्यांच्याच गटाने सुधारलेल्या प्रारूपातून शतकअखेरचा आकडा बराच कमी दिला, आणि थ्वेट्सपुरते पाहता २०२४ मधील एका अभ्यासाला या शतकात कडे ढासळण्याची अशी मालिका सुरू होण्याची शक्यता कमी दिसली. म्हणून ही भीती निराधार ठरली असे कोणी म्हणू नये, कारण शतक संपल्यावरही कडे ढासळणार नाहीत, असे कोणत्याही अभ्यासाने दाखवलेले नाही.

प्रश्न (कोल्हापूर): तरंगणारा बर्फ वितळल्याने पाण्याची पातळी वाढत नाही, असे शाळेत शिकलो. मग आइस शेल्फची चिंता का करावी?

उत्तर: शाळेत शिकवलेले बरोबर आहे, खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या घनतेतील फरकामुळे जी किंचित वाढ होते ती येथे नगण्य आहे. आइस शेल्फ मागच्या जमिनीवरील बर्फाला रोखून धरतो, आणि तो पातळ झाला किंवा तुटला की जो बर्फ समुद्रात येतो तो पातळी वाढवतो. लार्सन बीच्या मागच्या हिमनद्यांचे वर दिलेले उदाहरण हेच सांगते.

प्रश्न (पुणे): अंटार्क्टिकात बर्फ वाढल्याच्या बातम्याही येतात. तापमान वाढल्यावर तेथे हिमवर्षाव वाढतो हे खरे असेल, तर समुद्रपातळी खाली जायला नको का?

उत्तर: आपण म्हणता ती प्रक्रिया खरी आहे आणि प्रारूपांत ती धरलेली असते. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात तापमान गोठणबिंदूच्या खूप खाली असल्याने ते बाष्प हिमरूपानेच पडते. मार्च २०२२ मध्ये बाष्पाचा एक प्रचंड पट्टा पूर्व अंटार्क्टिकावर आला, तेव्हा तेथे मोठा हिमवर्षाव झाला आणि काही ठिकाणी तापमान नेहमीपेक्षा ३८ अंशांहूनही अधिक चढले. अशा घटनांनंतर काही काळ एकूण वस्तुमान वाढलेले दिसू शकते. जगभरच्या प्रारूपांची तुलना करणाऱ्या एका मोठ्या उपक्रमात मोठ्या उत्सर्जनाच्या स्थितीत अंटार्क्टिकाचा २१०० पर्यंतचा परिणाम सुमारे ८ सेंटिमीटर घट ते ३० सेंटिमीटर वाढ असा निघाला. चिन्हदेखील निश्चित नसावे याचे आश्चर्य वाटेल. परंतु किनाऱ्यावर निसटणारा बर्फ आणि अंतर्भागात साठणारे हिम या दोन मोठ्या राशींची वजाबाकी करायची असते, आणि अशा वजाबाकीत दोन्हींतील चुका उत्तरात उतरतात.

आजवरच्या मोजणीत मात्र बर्फाची घटच दिसते. १९९२ ते २०२० या काळात ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका यांनी मिळून सुमारे ७,५६० अब्ज टन बर्फ गमावला आणि त्यामुळे समुद्र २१ मिलिमीटर वाढला. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश वाटा ग्रीनलंडचा आहे. ग्रीनलंडने तर २०१९ या एका वर्षात ५३२ अब्ज टन बर्फ गमावला. साधारण ३६० अब्ज टन बर्फाने समुद्र एक मिलिमीटर वाढतो, हे प्रमाण हाताशी ठेवले तर अशा बातम्यांचे वजन वाचकाला स्वतःच जोखता येईल.

प्रश्न (पणजी): गोव्यातून अंटार्क्टिकाच्या मोहिमा जातात हे आम्हाला माहीत आहे. तेथे वितळलेल्या बर्फाने आमच्या किनाऱ्यावर समुद्र नेमका किती वाढणार? तो सर्वत्र सारखाच वाढतो ना?

उत्तर: तो सर्वत्र सारखा वाढत नाही. हिमस्तराचे वस्तुमान इतके प्रचंड असते की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचे समुद्राचे पाणी त्याच्याकडे ओढले जाते. बर्फ घटला की ही ओढ कमी होते आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी समुद्रात मिसळूनही हिमस्तराच्या सुमारे दोन हजार किलोमीटरच्या परिघात पातळी खाली जाते. तेथून सुटलेले पाणी दूरच्या समुद्रांत जाते. अंटार्क्टिकातील बर्फ घटल्यास विषुववृत्ताकडच्या आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा काहीशी अधिक वाढ होते आणि आपला किनारा त्यांत येतो. शिवाय बर्फाचा भार उतरल्यावर खालची जमीन वर उचलली जाते. अमुंडसेन समुद्राच्या काठी ती वर्षाला सुमारे ४ सेंटिमीटर वेगाने उचलली जात असल्याचे मोजले गेले आहे. तेथे आधाररेषेला त्यामुळे थोडा आधार मिळू शकेल, म्हणून नव्या प्रारूपांत पृथ्वीच्या प्रावरणाचे (कवचाखालच्या थराचे) वर्तनही जोडावे लागते.

गोव्याचा संबंध आपण म्हणता त्याहून जवळचा आहे. भारताची पहिली मोहीम डॉ. एस. झेड. कासीम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली, आणि ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र वास्को येथे आहे. अंटार्क्टिकातील भारताचे पहिले केंद्र, दक्षिण गंगोत्री, आइस शेल्फवर उभारले होते. ते हिमाखाली गाडले गेले आणि १९८९ मध्ये खडकाळ जमिनीवर मैत्री केंद्र उभे राहिले. उत्तर हिंदी महासागरातील वाढ १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर होती आणि १९९३ नंतर ती ३.३ मिलिमीटरवर गेली, असे भारताच्या हवामान बदलाविषयीच्या २०२० मधील शासकीय मूल्यमापनात नोंदले आहे.

प्रश्न (रायगड जिल्हा): आमची शेती खारभूमीच्या बांधाआड आहे. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की खारे पाणी शिरून पुढची काही वर्षे भात येत नाही. बांध नव्याने बांधायचा तर समुद्राच्या वाढीचा कोणता आकडा धरावा? इतकी अनिश्चितता असेल तर सरासरी धरून चालेल का?

उत्तर: केवळ सरासरी धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनिश्चितता दोन्ही बाजूंना सारखी असती, तर मधला आकडा काही अंशी चालला असता. येथे ती वरच्या बाजूला झुकलेली आहे. पाणी तापून फुगणे आणि पर्वतांवरील हिमनद्या वितळणे यांमुळे खालची मर्यादा बऱ्यापैकी पक्की आहे, तर आधाररेषेची माघार आणि कड्यांचे ढासळणे यांसारख्या अपुऱ्या समजलेल्या गोष्टी बहुतांशी वाढच घडवतील. सुमारे १ लाख २५ हजार वर्षांपूर्वी जगाचे तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या पातळीपेक्षा अर्धा ते दीड अंशच अधिक होते आणि त्या काळात समुद्र आजच्यापेक्षा ५ ते १० मीटर उंच होता. तेवढी वाढ व्हायला किती शतके लागली, यावर संशोधन चालू आहे, परंतु हिमस्तर किती घटू शकतात हे त्यातून दिसते.

आपल्या बांधापुरते सांगायचे तर काळाचा विचार आधी करावा. २०५० पर्यंतचे अंदाज उत्सर्जन कमी असो वा अधिक, एकमेकांच्या जवळ आहेत. १९९५-२०१४ च्या तुलनेत वाढ साधारण १५ ते २९ सेंटिमीटर. ज्या बांधाची डागडुजी पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा होणारच आहे, त्यासाठी या पल्ल्याचे वरचे टोक धरणे रास्त आहे. आजच्या सर्वांत मोठ्या उधाणाची खूण, पावसाळी वाऱ्याने चढणारे पाणी आणि बांधाचे स्वतःचे खचणे हे सर्व मोजून मग त्यावर हे सेंटिमीटर मिळवायचे असतात. समुद्राची वाढ थोडी असली तरी ती प्रत्येक उधाणावर चढून येते आणि पूर्वी क्वचित ओलांडली जाणारी खूण वारंवार ओलांडली जाते. पूल, बंदराचा धक्का किंवा नवी वसाहत यांचे आयुष्य शंभर वर्षांचे धरले जाते. तेथे एक मीटर गृहीत धरून, दोन मीटरची वेळ आली तर काय करता येईल याची जागा आराखड्यातच ठेवायला हवी.

बांधाची उंची आज किती ठेवावी यापेक्षा त्याचा पाया किती रुंद ठेवावा, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पाया पुरेसा रुंद असेल आणि समुद्राकडच्या बाजूला खारफुटीसाठी पट्टा राखलेला असेल, तर पुढे मोजमापे हाती येतील तसतशी वर माती चढवता येते. अरुंद पायावर ते जमत नाही. आपल्या भागातील खारभूमी विभागाच्या अभियंत्यांकडे बांधाच्या संकल्पचित्रात समुद्राच्या वाढीचा कोणता आकडा आणि कोणत्या सालापर्यंतचा धरला आहे, हे लेखी मागावे. आकडा आणि साल दोन्ही कळल्याशिवाय दिलेली उंची पुरेशी आहे की नाही, हे ठरवता येत नाही.